रिकीची शेती

१९१७ साली ब्रँच रिकी सेंट लुईस कार्डिनल्स या बेसबॉल संघाचा अध्यक्ष झाला, तेव्हा संघाच्या कचेरीत अंथरायला गालिचासुद्धा नव्हता. कोणी बडा पाहुणा येणार असला की रिकी घरचा गालिचा उचलून आणायचा आणि कचेरीत पसरायचा, असं सांगतात. संघ कर्जात होता. मैदान जुनाट, लाकडी. अशा संघाकडे चांगला खेळाडू विकत घ्यायला पैसा कुठून येणार? पुढच्या तीस-चाळीस वर्षांत अमेरिकेतल्या बेसबॉलचा अख्खा कारभार जिने बदलला, त्या पद्धतीचा जन्म दूरदृष्टीतून झाला असं पुष्कळदा लिहिलं जातं. मला तरी तो आधी या उसन्या गालिच्यातून झालेला दिसतो.

त्या काळी अमेरिकेत मेजर लीगचे संघ होते सोळा. त्यांच्या खाली गावोगावचे शेकडो संघ, म्हणजे मायनर लीग. त्यांच्यातही उतरंड होती: वर डबल-ए, मग ए, बी, सी आणि तळाला डी. डी म्हणजे खाणींच्या आणि गिरण्यांच्या गावांतली मैदानं, रात्र-रात्र बसचा प्रवास आणि तुटपुंजा पगार. या संघांना स्वतंत्र मालक असत. तिकिटांवर त्यांचं जेमतेम भागायचं. खरी कमाई व्हायची पोरगं घडवून मेजर लीगला विकण्यात. बाल्टिमोरचा जॅक डन या धंद्यातला बिलंदर माणूस. लेफ्टी ग्रोव्ह हा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, त्याने १९२४ मध्ये फिलाडेल्फियाला १,००,६०० डॉलरला विकला. वरचे सहाशे कशाला, तर बेब रूथ या प्रख्यात खेळाडूच्या विक्रीचा एक लाखाचा आकडा मोडावा म्हणून, असं म्हणतात.

या बाजारात रिकीची पंचाईत वेगळीच होती. खेळाडू ओळखण्यात त्याची आणि चार्ली बॅरेट या त्याच्या स्काउटची नजर पक्की होती. बॅरेट कुठल्याशा आडगावात जाऊन एखादं पोरगं हेरायचा आणि मालकाला किंमत विचारायचा. मालक म्हणायचा, कळवतो. मग तो न्यूयॉर्कला किंवा शिकागोला निरोप धाडायचा, की रिकी या पोरावर डोळा ठेवून आहे, तुम्ही किती देता? रिकीने चौकशी केली एवढीच त्या पोराची लायकी पटवायला पुरेशी असे. श्रीमंत संघ जास्त पैसे टाकून पोरगं उचलायचे. पारख रिकीची आणि माल दुसऱ्याच्या घरी, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

रिकी स्वतः खेळाडू म्हणून सामान्यच. ओहायोतल्या शेतकऱ्याचा मुलगा, कट्टर मेथडिस्ट, रविवारी मैदानात पाऊल टाकणार नाही अशी शपथ घेतलेला. तो कॅचर होता, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा. २८ जून १९०७ रोजी दुखऱ्या हाताने खेळताना एकाच सामन्यात त्याच्यासमोर प्रतिस्पर्ध्यांनी तेरा बेस चोरले, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच पळत पुढचा टप्पा गाठला. एकालाही तो वेळेत चेंडू फेकून थोपवू शकला नाही. नंतर क्षयाने गाठलं, त्यातून उठून त्याने मिशिगन विद्यापीठात कायद्याची पदवी घेतली. पुढे आयुष्यभर कुठलंही पोरगं समोर आलं, की याचा हात कसा आहे हे तो आधी बघायचा. यात त्या तेरा बेसचा वाटा किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पिकलेला माल परवडत नाही, तर आपणच पेरावं, हा त्याचा हिशेब. १९२० साली सॅम ब्रेडन हा मोटारींचा व्यापारी रिकीच्या जागी कार्डिनल्सचा अध्यक्ष झाला, रिकी मात्र संघातच राहिला. त्याने संघाला त्याच शहरातल्या ब्राउन्स संघाच्या मैदानावर भाडेकरू म्हणून नेलं आणि आपलं जुनं मैदान विकून टाकलं. सुमारे पावणेतीन लाख डॉलर हाती आले. कर्ज फिटलं, आणि उरलेल्या पैशातून रिकीने मायनर लीगचे संघ घ्यायला सुरुवात केली. टेक्सासमधल्या ह्यूस्टनमध्ये १८ टक्के हिस्सा, आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथमध्ये निम्मा, न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूजमध्ये निम्मा. निम्म्या मालकीत भागीदाराचं तोंड बघावं लागतं हे लवकरच कळलं, तेव्हा त्याने संपूर्ण संघच घ्यायला सुरुवात केली. वर्तमानपत्रांनी या कारभाराला ‘फार्म’ म्हटलं आणि तेच नाव चिकटलं.

पण शेत घेतलं तरी बियाणं हवं. त्यासाठी रिकीने उघड्या चाचण्या भरवल्या. अमुक दिवशी अमुक गावी या, येताना हातमोजा आणि बूट आणा. शेकड्यांनी पोरं यायची: शेतावरची, खाणीतली, शाळा सोडलेली. प्रत्येकाच्या पाठीवर क्रमांक. आधी फेकायला लावायचं, मग साठ यार्ड पळवायचं. निम्म्याहून अधिक पोरं इथेच गळायची. बॅट हातात यायच्या आतच घरी. यामागे रिकीचा ठाम विचार होता. फटकेबाजी शिकवता येते, किमान सुधारता येते, पण पाय आणि खांदा जन्मासोबत येतात. शिवाय वेग हा असा एकच गुण, की जो फटका मारून झाल्यावरही कामाला येतो आणि चेंडू अडवतानाही.

घरच्या गोष्टीही तो विचारायचा. बाप काय करतो, दारू पितोस का, लग्न झालंय का? लग्न झालेला खेळाडू त्याला अधिक पसंत असे. संसार पाठीशी लागला की माणूस रात्री वेळेवर झोपतो, असा त्याचा समज.

अशा एका शिबिरात चिक हेफी नावाचा कॅलिफोर्नियाचा पोरगा पिचर म्हणून आला होता. रिकीने त्याचा फटका पाहिला आणि त्याला सांगितलं, की तू आता पिचर नाहीस, मैदानाच्या कडेला उभं राहायचं आणि बॅट चालवायची. त्याच हेफीने १९३१ मध्ये ०.३४९ सरासरीने नॅशनल लीगचा फलंदाजीचा किताब मिळवला. पगार वाढवून मागितला तेव्हा मात्र रिकीशी त्याचं फाटलं आणि पुढच्याच वर्षी त्याची सिनसिनाटीला रवानगी झाली.

१९२६ मध्ये पीक हाती आलं. जिम बॉटम्ली, हेफी, टॉमी थेवेनाऊ अशी घरची पोरं आणि कप्तान-प्रशिक्षक रॉजर्स हॉर्न्सबी यांच्या बळावर कार्डिनल्सनी बेब रूथच्या न्यूयॉर्क यांकीजना सात सामन्यांत हरवून आपली पहिली वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगचं जेतेपद, जिंकली. १९३१ आणि १९३४ मध्ये पुन्हा. मग शेजाऱ्यांनाही शेती सुचली. यांकीजचा मालक, बिअर कारखानदार जेकब रुपर्ट, याने १९३१ अखेर न्यूअर्कचा संघ विकत घेतला. त्याच्याकडे पैसा रिकीपेक्षा कितीतरी जास्त होता, त्यामुळे त्याच्या शेताला पाणीही भरपूर मिळालं.

१९४०च्या सुमारास कार्डिनल्सच्या ताब्यात तीसहून अधिक संघ आणि सहाशेहून अधिक खेळाडू होते. त्यांतून दरवर्षी वरच्या संघात जागा किती रिकाम्या व्हायच्या? दोन, फार तर तीन. रिकीचा सिद्धांत साधा होता: संख्येतूनच गुणवत्ता निघते. सतरा वर्षांच्या पोराचं पुढे काय होईल हे खात्रीने कोणालाच सांगता येत नाही. म्हणून एकावर पैज लावू नये, शंभर जण घ्यावेत, स्वस्तात घ्यावेत, आणि कोण तग धरतो ते पाहावं. यात नम्रता आहे, आपली नजर चुकू शकते याची कबुली आहे. आणि चुकीची किंमत उरलेल्या नव्याण्णवांनी मोजायची, हे गृहीतही आहे.

नजर कशी चुकते आणि संख्या तिला कशी सावरते, हे स्टॅन म्युझियलच्या बाबतीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे कुठेच नाही. पेनसिल्व्हेनियातलं डोनोरा हे जस्त आणि पोलादाच्या कारखान्यांचं, धुराने माखलेलं गाव. तिथल्या पोलिश मजुराच्या या डावखुऱ्या मुलाला कार्डिनल्सनी सतराव्या वर्षी पिचर म्हणून करारात घेतलं आणि वेस्ट व्हर्जिनियातल्या विल्यमसन या डी वर्गाच्या संघात पाठवलं. पगार महिन्याला ६५ डॉलर. चेंडू जोरदार, पण कुठे जाईल याचा नेम नाही. १९३९ मध्ये विल्यमसनच्या प्रशिक्षकाने वर अहवाल धाडला: पोरगा स्वभावाने चांगला, पण दिशा सुधारत नाही, सोडून द्यावा.

त्याला सोडलं नाही. का, तर कुठेतरी एक जागा रिकामी होती. एवढ्या मोठ्या शेतात ती असायचीच. १९४०ला तो फ्लोरिडातल्या डेटोना बीचला गेला. तिथला प्रशिक्षक डिकी कर, १९१९ साली पैसे घेऊन सामने हरल्याने बदनाम झालेल्या शिकागो संघातला, ज्याने पैसे खाल्ले नाहीत असा पिचर. म्युझियलचं नुकतंच लग्न झालं होतं, बायको गरोदर होती, खिशात काही नव्हतं. कर पती-पत्नीने दोघांना आपल्या घरी ठेवून घेतलं. पुढे मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं रिचर्ड, करच्या नावावरून. त्या हंगामात म्युझियलने पिचर म्हणून १८ सामने जिंकले. मधल्या दिवसांत कर त्याला मैदानाच्या मागच्या बाजूला क्षेत्ररक्षणाला उभा करायचा, कारण बॅट बरी चालत होती आणि डी वर्गाच्या संघात माणसं कायम कमी. ऑगस्टमध्ये असाच एक झेल घेताना म्युझियलने सूर मारला आणि डाव्या खांद्यावर पडला. पिचरचा हात गेला.

१९४१च्या वसंतात तो शिबिरात आला तेव्हा त्याचं करायचं काय, हा प्रश्न होता. हात मेलेला, क्षेत्ररक्षक म्हणून कच्चा. मिसूरीतल्या स्प्रिंगफील्डच्या सी वर्गाच्या संघाचा प्रशिक्षक ऑली व्हॅनेक म्हणाला, की मी नेतो. स्प्रिंगफील्डमध्ये म्युझियलने ८७ सामन्यांत ०.३७९ची सरासरी काढली आणि २६ होम रन मारले. जुलैत त्याला रॉचेस्टरला, म्हणजे अगदी वरच्या पायरीवर नेलं, आणि सप्टेंबरात तो सेंट लुईसच्या मैदानात उतरला. कोणालाच नको असलेला पोरगा सहा महिन्यांत तळापासून शिखरावर पोहोचला होता. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ३,६३० हिट्स, म्हणजे बेस मिळवून देणारे फटके, होते: घरच्या मैदानावर १,८१५ आणि बाहेर १,८१५. त्याला फलंदाज म्हणून कोणी हेरलं नव्हतं. तो केवळ शेतात उभा होता.

या शेताची दुसरी बाजू केनेसॉ माउंटन लँडिसला खुपत होती. हे पांढऱ्या केसांचे, ताठ मानेचे न्यायाधीश १९२०च्या अखेरीपासून बेसबॉलचे आयुक्त होते. गावाचा संघ गावाचा राहत नाही, ऐन हंगामात वरून हुकूम येतो आणि चांगला खेळाडू निघून जातो, हे त्यांना मान्य नव्हतं. आणि करारातल्या राखीव कलमामुळे खेळाडूला स्वतःहून दुसरीकडे जाता येत नसे. वरच्या संघात जागा नाही, सोडतही नाहीत, अशा अवस्थेत पोरांची पंचविशी उलटायची. टीकाकार या खेळाडूंना ‘चेन गँग’ म्हणत, साखळीने बांधलेले कैदी. शिवाय खेळाडू विकून होणाऱ्या नफ्यात रिकीचा करारानेच वाटा ठरलेला होता. मालकापेक्षा त्याची कमाई जास्त, अशी कुजबुज असायची.

मार्च १९३८ मध्ये लँडिसने दणका दिला. एकाच लीगमधल्या एकाहून अधिक संघांवर कार्डिनल्सनी आडमार्गाने ताबा ठेवल्याचं ठरवून त्यांनी सत्तरहून अधिक खेळाडूंना करारातून मोकळं केलं. त्यांत पीट रायझर होता, सेंट लुईसचाच, एकोणीस वर्षांचा, रिकीच्या मते सर्वांत हुशार. रायझर अवघ्या शंभर डॉलरवर ब्रुकलिनच्या संघात गेला. रिकीने ब्रुकलिनचा कारभार पाहणाऱ्या लॅरी मॅकफेलला गुपचूप सांगून ठेवलं होतं, की पोरगं खालच्या संघात झाकून ठेव आणि नंतर परत कर, अशी वदंता आहे. पण १९३९च्या सराव सामन्यांत रायझर असा काही खेळला, की झाकणार काय? १९४१ मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम फलंदाज ठरला, ब्रुकलिनकडून.

लँडिसची बाजू नैतिक होती यात शंका नाही. पण महामंदीत जे गावचे संघ तगले, त्यांतले पुष्कळसे मेजर लीगच्या पैशावर तगले, हेही खरं. स्वतंत्र मालक तोवर दिवाळ्यात निघाले होते.

१९४२ मध्ये कार्डिनल्स पुन्हा जगज्जेते झाले आणि त्याच शरदात ब्रेडनशी बिनसून रिकी ब्रुकलिन डॉजर्सला गेला. तिथल्या पत्रकारांनी त्याला नाव दिलं ‘महात्मा’. जॉन गंथर या पत्रकाराच्या ‘इनसाइड एशिया’ या पुस्तकातलं गांधीजींचं वर्णन टॉम मीनी या क्रीडालेखकाच्या वाचनात आलं होतं: थोडा देव, थोडा बाप आणि थोडा न्यूयॉर्कचा मुरलेला राजकारणी. मीनीला वाटलं, हा तर आपला रिकी. रिकी ब्रुकलिनला आला तेव्हा खरे महात्मा पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध होते. फुटकी कवडी हातून न सुटणाऱ्या माणसाला हे नाव देण्यात टोमणा किती आणि आदर किती, हे सांगणं कठीण.

महायुद्धामुळे बाकीच्या संघांनी स्काउट कमी केले होते. पोरं सैन्यात जाणार, मग करार कशाला करायचे? रिकीने उलट केलं. हजारो शाळांच्या प्रशिक्षकांना पत्रं गेली. ड्यूक स्नायडर आणि गिल हॉजेस त्या पेरणीतले. आणि ज्या कृष्णवर्णीय खेळाडूंकडे एकही मेजर लीग संघ पाहत नव्हता, त्यांच्याकडेही त्याचे स्काउट गेले. ऑगस्ट १९४५ मध्ये त्यांतला क्लाइड सुकफोर्थ कॅन्सस सिटी मोनार्क्सच्या जॅकी रॉबिन्सनचा हात बघायला शिकागोला पोहोचला, तर रॉबिन्सनचा खांदा दुखावलेला. तो खेळतच नव्हता. फेक न बघताच सुकफोर्थ त्याला घेऊन ब्रुकलिनला आला. रिकीला त्या दिवशी तपासायचा होता तो खांदा नव्हताच. शिव्या ऐकून हात न उचलण्याची ताकद या माणसात आहे का, हे त्याने जवळपास तीन तास, स्वतः शिव्या देऊन, तपासलं. रॉबिन्सनलाही आधी मायनर लीगमध्येच पाठवलं. १९४६ चा हंगाम तो माँट्रियलकडून खेळला आणि ०.३४९ सरासरीने लीगमध्ये पहिला आला. १५ एप्रिल १९४७ रोजी तो ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला.

१९४८ मध्ये फ्लोरिडातल्या व्हेरो बीच इथे नौदलाच्या सोडून दिलेल्या विमानतळावर रिकीने सगळी शेती एका जागी आणली. सैनिकांच्या बराकींत सहाशे खेळाडू. चेंडू फेकणारी यंत्रं. घसरून बेस गाठण्याच्या सरावासाठी वाळूचे खड्डे. सर्वांत साधी आणि मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे दोऱ्या. दोन खांबांमध्ये दोऱ्या ताणून बॅटरच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतची चौकट हवेत उभी केलेली असे आणि पिचरने त्या चौकटीतून चेंडू घालायचा. म्युझियलच्या विल्यमसनला अशा दोऱ्या असत्या तर, असा विचार मनात येतोच. सोबतीला अ‍ॅलन रॉथ हा माँट्रियलचा आकडेवेडा माणूस, १९४७ पासून पगारावर. मेजर लीगच्या संघाने पूर्णवेळ ठेवलेला तो पहिला संख्याशास्त्रज्ञ.

तरीही रिकीच्या डोळ्याने शेवटची मोठी चूक केलीच. १९५० अखेर तो पिट्सबर्ग पायरेट्सला गेला. हा संघ इतका वाईट, की १९५२ मध्ये ४२ सामने जिंकून ११२ हरला. १९५४ मध्ये त्याने सुकफोर्थला माँट्रियलच्या सामन्याला धाडलं, जो ब्लॅक नावाचा पिचर बघायला. सामन्याआधीच्या सरावात सुकफोर्थला दिसला तो एकोणीस वर्षांचा एक पोर्टो रिकन मुलगा, मैदानाच्या कडेवरून बंदुकीसारखा चेंडू फेकणारा: रॉबर्टो क्लेमेंटे. डॉजर्सनी त्याला दहा हजारांचा बोनस देऊन घेतलं होतं. तेव्हाचा नियम असा, की चार हजारांहून अधिक बोनस दिलेला खेळाडू खालच्या संघात ठेवला तर हंगामाअखेर दुसरा कोणीही त्याला उचलू शकतो. पायरेट्स तळाला असल्याने पहिली निवड त्यांची. २२ नोव्हेंबर १९५४ रोजी त्यांनी चार हजार डॉलरमध्ये क्लेमेंटे उचलला.

जानेवारीत रिकी स्वतः पोर्टो रिकोत जाऊन त्याला बघून आला. त्याचा टाइप केलेला अहवाल वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. हात सुंदर, असं त्यात लिहिलंय. पण पळण्याची ढब वाईट. पायांत वेग आहे, पण साहस नाही. १९५५ मध्ये हा मेजर लीगच्या काही उपयोगाचा नाही. एखादं वर्ष बी किंवा सी वर्गात मुरायला हवा होता, पण नियमामुळे पाठवता येत नाही, तेव्हा आता गळ्यात पडलाच आहे. क्लेमेंटेने पायरेट्सकडून बरोबर ३,००० हिट्स काढले आणि बारा वेळा क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह मिळवला. १९६० मध्ये पायरेट्स जगज्जेते झाले, त्या संघात रिकीच्या काळातली बरीच पोरं होती, पण रिकी संघातून केव्हाच गेला होता.

९ डिसेंबर १९६५ रोजी तो वारला. त्याच वर्षी जूनमध्ये मेजर लीगने नवोदित खेळाडूंची क्रमवार निवड, म्हणजे ड्राफ्ट, सुरू केली होती. आता आधी हेरेल त्याचा माल, हा रिकीचा डाव संपला. राखीव कलम १९७५ मध्ये मोडलं, आणि मायनर लीगच्या खेळाडूंना त्यांचा पहिला सामूहिक वेतनकरार मिळायला २०२३ उजाडावं लागलं. राहिली ती त्याची भाषा. आजही स्काउट पोराच्या पाच गुणांना वीस ते ऐंशी या मापावर गुण देतात. पन्नास म्हणजे मेजर लीगचा सरासरी खेळाडू. हे माप रिकीचंच, असं बहुतेक जण मानतात. प्रत्येक गुणासमोर दोन आकडे असतात, एक आजचा आणि एक पुढे होईल अशा अंदाजाचा. सगळा जुगार दुसऱ्या आकड्यात.

संख्येतून गुणवत्ता हा प्रयोग एकदा भारतातही झाला. २००८ मध्ये एका अमेरिकी एजंटाने ‘मिलियन डॉलर आर्म’ या स्पर्धेत हजारो भारतीय पोरांना स्पीड गनसमोर चेंडू फेकायला लावलं. त्यांतून निघाले उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू: भदोहीचा रिंकू सिंग आणि वाराणसीकडचा दिनेश पटेल. करार केला पिट्सबर्ग पायरेट्सनी, रिकीच्याच जुन्या संघाने. १३ जुलै २००९ रोजी रिंकू हा अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये सामना जिंकणारा पहिला भारतीय पिचर ठरला. दिनेशला २०१० मध्ये सोडण्यात आलं. रिंकू २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या सिंगल-ए संघापर्यंत पोहोचला. मग कोपराने दगा दिला आणि तो त्याच्या वर गेला नाही.